प्रीफॅब बांधकाम आणि पर्यावरण: वजन, सिमेंट आणि सांधे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सहा मजली वसतिगृहाचे डिझाइन सुरू आहे. दोनशेच्या आसपास एकसारख्या खोल्या आहेत आणि प्रत्येकीला स्वतंत्र स्नानगृह. मालकाला पर्यावरणाची मनापासून काळजी आहे. सल्लागार म्हणतात, सगळे प्रीफॅब करा (म्हणजे भाग कारखान्यात बनवून साइटवर जोडा), कार्बन, म्हणजे बांधकामापायी होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन, आपोआप कमी होईल. हे खरे आहे का? आणि करायचे तर कसे?

सल्ल्यातला 'आपोआप' हा शब्द काढून टाका, बाकीचे बरोबर आहे. मी पहिली अकरा वर्षे प्रीकास्ट, म्हणजे काँक्रीटचे भाग आधीच ओतून ठेवणाऱ्या, कारखान्यात काढली, त्यानंतर उभारणीच्या बाजूला आलो. एकाच पद्धतीने बांधलेल्या दोन इमारतींत कार्बनचा केवढा फरक पडू शकतो हे मी जवळून पाहिले आहे. कार्बनच्या हिशेबात एक साध्या जागेवरच्या ओतकामापेक्षा खूप हलकी निघाली, दुसरी चक्क जड. कारखाना दोन्हींसाठी तोच होता. फरक पडला तो पहिला साचा भरण्याच्या कितीतरी आधी कागदावर घेतलेल्या निर्णयांमुळे.

प्रीफॅबच्या माहितीपत्रकांत सगळ्यात आधी येतो तो राडारोडा. तो खरोखर कमी होतो. साइटवर प्लायवूडचे शटरिंग, म्हणजे ओल्या काँक्रीटला आकार देणारा साचा, थोड्याच वापरांत निकामी होते, कारखान्यातला पोलादी साचा शेकडो वेळा वापरता येतो. सळई यंत्रावर मापात कापली जाते आणि तुकडे वेगळे ठेवले जातात. मिक्सर धुतलेले पाणी टाकीत निवळून पुन्हा वापरात येते. भिंतीचा पृष्ठभाग साच्यातूनच गुळगुळीत निघाला की गिलाव्याचा थर वाचतो. हाँगकाँगमधल्या इमारतींच्या २००९ सालच्या अभ्यासात प्रीफॅबमुळे बांधकामाचा कचरा सरासरी ५२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते.

मात्र हा आकडा कार्बनचा आहे असे समजू नका. राडारोडा डोळ्यांना दिसतो म्हणून मनावर ठसतो, पण इमारतीचा बहुतेक कार्बन असतो इमारतीतच राहिलेल्या सिमेंटमध्ये आणि पोलादात. समजा साइटवर पाच टक्के काँक्रीट वाया जात होते आणि कारखान्यात दोन टक्के जाऊ लागले. कचरा निम्म्याहून कमी झाला, तरी एकूण काँक्रीटमधली बचत तीनच टक्के. आणि त्याच वेळी भिंत दोन सेंटिमीटर जाड केली, तर ती बचत कुठल्या कुठे जाते. म्हणून माझ्याकडे कोणी प्रीफॅबचा प्रस्ताव घेऊन आले की मी पहिल्यांदा एकच विचारतो: इमारतीचे एकूण वजन दर चौरस मीटरला किती येते आहे?

तुमच्या वसतिगृहात वजन वाचवण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्लॅब. बहुमजली इमारतीत काँक्रीटचा मोठा वाटा तिथेच असतो. प्रीकास्टमध्ये यासाठी पोकळ स्लॅब मिळतात. शंभर मीटर किंवा त्याहून लांब पट्टीवर पोलादी तारा ताणून बसवतात, यंत्र जवळजवळ कोरडे काँक्रीट दाबत पुढे सरकते आणि मागे लांबच लांब नळ्यांसारखी पोकळी असलेला स्लॅब सोडत जाते. घट्ट झाला की तो करवतीने हव्या त्या लांबीत कापतात. २०० मिलिमीटर जाडीचा भरीव स्लॅब दर चौरस मीटरला ४८० किलो भरतो. तेवढ्याच जाडीचा पोकळ स्लॅब साधारण २७० ते ३०० किलो. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास काँक्रीट त्यात नाहीच. आधीच ताण दिलेल्या तारांमुळे तो सात-आठ मीटरचे अंतर सहज पेलतो आणि साध्या सळईपेक्षा कमी पोलादात पेलतो. वरचे वजन घटले की भिंती, खांब आणि पाया यांवरचा भारही घटतो. भूकंपाच्या हिशेबात तर वजन थेट मोजले जाते, कारण इमारतीवर येणारे आडवे बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते.

आता भिंती. इथे बरेच प्रकल्प कमावलेले गमावतात. 'सगळे प्रीफॅब' म्हटले की प्रत्येक भिंत काँक्रीटची होते. जिथे हलक्या ठोकळ्यांची किंवा बोर्डाची भिंत पुरली असती तिथे १५० मिलिमीटरचे काँक्रीट उभे राहते, म्हणजे दर चौरस मीटरला ३६० किलो. पूर्ण खोलीच्या पेट्या कारखान्यातून आणल्या तर आणखी एक गोष्ट घडते: शेजारच्या दोन पेट्यांच्या दोन भिंती पाठीला पाठ लावून उभ्या राहतात, आणि खालच्या पेटीचे छत व वरच्या पेटीची जमीन असे दोन थर होतात. शिवाय ट्रेलरवर हिसके बसून पेटी वाकू नये म्हणून तिला जास्तीचे पोलाद द्यावे लागते. इमारत उभी राहिल्यावर त्या पोलादाला काही काम उरत नाही.

तुमच्या आराखड्यात यावर चांगला मार्ग आहे. प्रत्येक खोलीची भिंत भार घेणारी करू नका. खोली साडेतीन मीटर रुंद असेल तर एक सोडून एक भिंत प्रीकास्ट करा आणि त्यांच्यावर सात मीटरचे पोकळ स्लॅब टाका. मधली भिंत हलकी, दोन बाजूंना बोर्ड आणि आत आवाज शोषणारा लोकरीचा थर अशी ठेवा. भार घेणाऱ्या भिंती निम्म्या होतात, आणि ज्या उरतात त्यांचे वजन कामी येते: ती भिंत भार घेते, आवाज अडवते, आगीला थोपवते आणि गिलावाही मागत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी कोणाला दोन खोल्यांची एक करायची झाली तर मधली भिंत काढता येईल. इमारत जितकी जास्त वर्षे उपयोगी राहील तितका तिच्यात घातलेला कार्बन सत्कारणी लागेल, आणि ही मोकळीक आजच देऊन ठेवावी लागते.

स्नानगृहे मात्र पूर्ण तयार करून आणा. दोनशे एकसारखी स्नानगृहे म्हणजे प्रीफॅबसाठी यापेक्षा चांगली संधी नाही. फरशी, नळ, जलरोधक थर, सगळे कारखान्यात होते आणि पाणी भरून गळती तिथेच तपासली जाते. हा शेवटचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण स्नानगृहाची गळती अख्ख्या इमारतीचे आयुष्य कमी करते आणि दुरुस्तीत पहिल्यापेक्षा जास्त साहित्य खाते. दोन पथ्ये पाळा. तयार स्नानगृहाला स्वतःची जमीन असते, त्यामुळे त्या जागी स्लॅब खाली घ्यावा लागतो, नाहीतर दारात पायरी येते. हे स्लॅबच्या रेखाचित्रात सुरुवातीलाच यायला हवे. आणि त्याला स्वतःच्या भिंती असतात, तर त्यांच्या मागे दुसरी भिंत बांधू नका. पाइपांची जागा व्हरांड्याच्या बाजूने उघडता येईल अशी ठेवा.

आता सिमेंट. हा विषय थोडा खोलात जाऊन सांगतो, कारण कारखान्याबाहेरच्या लोकांना तो क्वचितच माहीत असतो.

जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. भट्टी स्वच्छ इंधनावर चालवली तरी प्रश्न संपत नाही, कारण अर्ध्याहून जास्त वायू खुद्द चुनखडीतून निघतो. चुनखडी तापली की तिचा चुना होतो आणि कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. साध्या पोर्टलंड सिमेंटच्या एका टनामागे ०.८ ते ०.९ टन वायू धरा. त्यावरचा ओळखीचा उपाय म्हणजे सिमेंटचा काही भाग काढून त्या जागी फ्लाय अॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली बारीक राख) किंवा लोखंडाच्या भट्टीतला स्लॅग (मळी) घालणे. असे काँक्रीट शेवटी उत्तम ताकद देते, पण सुरुवातीला हळू चालते.

आणि कारखान्याला नेमकी घाई असते सुरुवातीलाच. आज दुपारी भरलेला साचा उद्या सकाळी मोकळा व्हायला हवा, कारण साच्याची रोज एक फेरी यावर कारखान्याचे गणित बेतलेले असते. सोळा-सतरा तासांत पॅनेल उचलण्याइतकी ताकद, म्हणजे साधारण १५ ते २० मेगापास्कल (काँक्रीट किती दाब सोसते त्याचे माप), यायची तर सोपा मार्ग एकच: शुद्ध सिमेंट वाढवा आणि वरून वाफ द्या. इमारतीला ३० मेगापास्कलचे काँक्रीट पुरत असते आणि कारखान्यातून ५० चे निघते, केवळ ते सकाळी उचलायचे होते म्हणून. एक ढोबळ हिशेब पाहा. घनमीटरला ४५० किलो शुद्ध सिमेंट म्हणजे सिमेंटपुरता ३८० किलो कार्बन डायऑक्साइड. तेच ३५० किलो मिश्रण आणि त्यात निम्मा स्लॅग घेतला तर आकडा १६०-१७० किलोवर येतो. स्लॅबच्या पोकळीतून मिळवलेली चाळीस टक्क्यांची बचत सिमेंटच्या या एका सवयीत पार धुऊन जाते.

म्हणून कारखान्याशी बोलताना किमतीच्या आधी मिश्रणाचा तक्ता मागा: दर घनमीटरला शुद्ध सिमेंट किती, पूरक पदार्थ किती, साचा किती तासांनी उघडता आणि वाफ किती तापमानाला देता. काँक्रीटचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर गेले तर आतल्या रासायनिक क्रिया बिघडून पुढे काही वर्षांनी ओलाव्यात ते फुगून तडकू शकते, म्हणजे घाईची किंमत टिकाऊपणातही मोजावी लागते. मग वाटाघाटीला बसा. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी भरलेल्या साच्यांना सुट्टीमुळे जास्तीचे तास आपसूक मिळतात, ते ओतकाम स्लॅगच्या मिश्रणात करता येते. साचे गरम राखणाऱ्या जाड आच्छादनांनी काँक्रीटची स्वतःची उष्णता आतच राहते आणि वाफ कमी लागते. तुमच्या प्रकल्पासाठी साच्यांची संख्या थोडी वाढवली तर प्रत्येक साच्याला दोन दिवस देता येतात. ज्या भागांवर पूर्ण भार उशिरा येणार आहे, त्यांची ताकद २८ ऐवजी ५६ दिवसांनी मोजायला मान्यता द्या. हे शेवटचे तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हातात आहे, आणि त्याने आपणहून कधी सुचवलेले मी फारसे पाहिले नाही. विचारावे लागते.

वाहतुकीबद्दल लोक वाजवीपेक्षा जास्त काळजी करतात. अवजड ट्रक टनामागे किलोमीटरला साधारण १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो असे धरू. एक घनमीटर, म्हणजे २.४ टन काँक्रीट, १०० किलोमीटर नेले तर २४ किलो. रिकामी परत फेरी धरून चाळीसच्या आत. त्या काँक्रीटच्या निर्मितीतला आकडा तीनशेच्या घरात असतो. शिवाय साइटवर ओतले असते तरी सिमेंट, खडी आणि वाळू कुठून तरी आलीच असती. तेव्हा दोनशे किलोमीटरवरचा चांगल्या मिश्रणाचा कारखाना वीस किलोमीटरवरच्या वाईट मिश्रणाच्या कारखान्यापेक्षा बरा. पूर्ण खोल्यांच्या पेट्यांचे गणित तेवढे वेगळे आहे, कारण तिथे ट्रेलर वजनाने भरत नाही, हवेने भरतो. सपाट पॅनेल आणि स्लॅब एकावर एक रचून जातात, खोली रचता येत नाही.

लाकडाचे काय, असे पुढे विचारले जाईलच. लाकूड चांगले उपलब्ध असेल आणि जंगल पुन्हा वाढवले जात असेल तर अवश्य विचार करा. व्हँकुव्हरमधल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे ब्रॉक कॉमन्स हे १८ मजली वसतिगृह २०१७ मध्ये पूर्ण झाले. दोन काँक्रीटचे गाभे (लिफ्ट-जिन्यांभोवतीचे उभे मनोरे) आणि तळमजला सोडला तर वरचा सांगाडा थर देऊन चिकटवलेल्या लाकडाचा आहे, आणि तो बाहेरच्या भिंतींच्या पॅनेलसह ७० दिवसांच्या आत उभा राहिला. लाकूड हलके असल्यामुळे पायाही हलका होतो. ते उभारणीत पावसात भिजू न देणे हे त्याचे सगळ्यात अवघड काम, आणि ते वेळापत्रकातच बसवावे लागते.

आता येतो तो भाग ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो. सांधे.

जागेवर ओतलेल्या इमारतीत सांधा वेगळा दिसत नाही. प्रीफॅब इमारत सांध्यांचीच बनलेली असते. पॅनेल कितीही सुबक असो, इमारत किती जगेल, आतली थंडी-ऊब किती टिकेल, भूकंपानंतर उभी राहील का आणि शेवटी तिचे तुकडे पुन्हा वापरता येतील का, हे सगळे पॅनेल जिथे एकमेकांना भेटतात तिथे ठरते. साहित्य वाचवण्याची सगळी मेहनत सांधा नीट नसेल तर फुकट जाते, कारण अकाली पाडलेल्या इमारतीइतका मोठा अपव्यय दुसरा नाही.

१६ मे १९६८ रोजी लंडनमध्ये रोनान पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता, पण त्याने भार घेणारे पॅनेल बाहेर ढकलले आणि त्यासरशी इमारतीचा एक अख्खा कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. चार माणसे गेली. पॅनेल एकमेकांवर बसवलेले होते, एकमेकांना पुरेसे बांधलेले नव्हते. १९८६ मध्ये इमारत उतरवली तेव्हा कित्येक सांधे नीट भरलेलेच नव्हते असे आढळले. दोन दशकेसुद्धा न टिकलेल्या त्या इमारतीत किती सिमेंट वाचले होते, या प्रश्नाला मग काय अर्थ उरतो?

७ डिसेंबर १९८८ चा आर्मेनियातला भूकंप याहून स्पष्ट शिकवतो. लेनिनाकान शहरात दोन्ही प्रकारच्या प्रीकास्ट इमारती होत्या. खांब-तुळयांच्या प्रीकास्ट सांगाड्याच्या नऊ मजली इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या. त्याच शहरातल्या मोठ्या पॅनेलच्या इमारती उभ्या राहिल्या. प्रीकास्ट दोन्हीकडे होते. एकीकडे थोड्याशा जोडांवर सगळी भिस्त होती आणि ते जोड कच्चे होते, दुसरीकडे भिंतींचे लांबच लांब सांधे मिळून बल वाटून घेत होते.

आणि याच दिशेने एक आशादायक काम झाले आहे. भूकंप अभियंता नायजेल प्रिस्टली यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत पाच मजली प्रीकास्ट इमारतीची मोठी प्रतिकृती भूकंपासारखी हलवून तपासली गेली. तिच्यात भाग एकमेकांना चिकटवून न टाकता आतून ताणलेल्या, सुट्या तारांनी आवळले होते. हादऱ्यात सांधा किंचित उघडतो, भिंत डुलते, ऊर्जा जिरवणारे छोटे भाग झिजतात आणि तारा इमारतीला परत सरळ खेचून घेतात. भूकंपानंतर बदलायचे ते छोटे भाग तेवढे. भूकंपात माणसे वाचली पण इमारत वाकडी होऊन पाडावी लागली, असे किती ठिकाणी घडते याचा विचार केला तर अशा सांध्याचे मोल कळते.

सांध्यातली उष्णता हा कमी नाट्यमय, पण रोजचा विषय. बाहेरच्या भिंतीला दोन काँक्रीटच्या थरांमध्ये उष्णतारोधक थर घातलेले पॅनेल घ्याल तर एक गोष्ट रेखाचित्रात शोधा: कडेला किंवा खिडकीभोवती काँक्रीट त्या थरातून आरपार गेले आहे का? काँक्रीट उष्णतारोधक थरापेक्षा जवळपास पन्नासपट जास्त उष्णता वाहून नेते. कडेला दहा सेंटिमीटरची भरीव पट्टी ठेवली की त्या भिंतीचा बराचसा उपयोग गेला. दोन थर काचतंतूच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या बारीक जोडण्यांनीच धरलेले असावेत. आणि पॅनेलमधल्या फटीत फक्त बाहेरून सीलंट भरून सोडू नका. बाहेर पावसासाठी एक थर, आत हवेसाठी दुसरा, मध्ये मोकळी पोकळी आणि आत शिरलेल्या पाण्याला खाली वाट, असा दुहेरी सांधा करा. सीलंट पंधरा-वीस वर्षांत म्हातारा होतो, इमारत साठ वर्षे उभी राहणार असते. तेव्हा तो बदलायला हात पोचेल ना, हे आजच पाहा.

राहिला तो इमारतीचे भाग पुन्हा सुटे होण्याचा प्रश्न. 'प्रीफॅब म्हणजे पुन्हा वापरता येणारे' हे वाक्य इतक्या सहज म्हटले जाते की कोणी पडताळत नाही. १८५१ चा लंडनचा क्रिस्टल पॅलेस खरोखर सुटा झाला. जोसेफ पॅक्स्टन यांनी लोखंड आणि काचेचे एकाच मापाचे भाग वापरले होते, प्रदर्शन संपल्यावर ते उतरवून सिडनहॅमला १८५४ मध्ये नव्याने, वाढवून उभे केले गेले. १९७२ चा टोकियोतला नाकागिन कॅप्सूल टॉवर त्याच्या उलट. वास्तुविशारद किशो कुरोकावा यांनी १४० कॅप्सूल, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या छोट्या खोल्या, दोन गाभ्यांना बोल्टांनी जोडल्या, दर पंचवीस वर्षांनी जुनी काढून नवी लावायची या कल्पनेने. एकही कधी बदलली गेली नाही. कॅप्सूल इतक्या दाटीने बसवल्या होत्या की खालची काढायला वरच्या काढाव्या लागत, आणि मालक अनेक असल्याने एकमत होईना. २०२२ मध्ये सगळा टॉवरच उतरवला. बोल्ट होते, पण पान्यापर्यंत हात जाण्याची वाट नव्हती.

तुमच्या वसतिगृहासाठी यातून काय घ्यायचे? काँक्रीटच्या भारवाही सांध्यांत सळई नळीत घालून ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) भरतात, तो सांधा मजबूत असतो आणि पुन्हा कधीच उघडत नाही. पोकळ स्लॅबांवर काँक्रीटचा थर ओतला की तेही कायमचे एकजीव होतात. भूकंपाच्या प्रदेशात हे करावेच लागते आणि तिथे मी सुटे होण्याच्या आग्रहापायी माणसांच्या सुरक्षिततेत रतिभर कमी करणार नाही. पण प्रत्येक सांधा असा असण्याची गरज नाही. बाहेरची पॅनेल, जिने, बाल्कन्या, स्नानगृहे, मधल्या भिंती हे सगळे बोल्टांवर ठेवता येते. आणि भूकंपाचा धोका कमी असेल तर स्लॅबसुद्धा. ऑस्लोतल्या क्रिस्टियान ऑगस्ट्स गेट १३ या इमारतीत जुन्या सरकारी इमारतीतून कापून काढलेले पोकळ स्लॅब पुन्हा वापरले आहेत. मुळात सुटे व्हायला न बनवलेले स्लॅब इतक्या खटपटीने काढता येतात, तर मुद्दाम तसे बनवलेले किती सोपे जातील. प्रत्येक भागावर काँक्रीटची ताकद, तारांची संख्या, ओतल्याची तारीख आणि उचलण्याचे बिंदू कोरून ठेवा. चाळीस वर्षांनी ते पॅनेल हाती घेणाऱ्या इंजिनिअरला नेमके हेच हवे असेल, आणि फाइल तोवर हरवलेली असेल.

एक अनुभव सांगतो. अशाच एका वसतिगृहाच्या कामात पाइपांच्या जागा ठरायच्या आत मालकाने भिंतींचे उत्पादन सुरू करायला लावले. आम्हीही मान डोलावली, कारण साचे रिकामे होते. पहिल्या दोन मजल्यांची पॅनेल तयार झाल्यावर स्नानगृहे भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेली. पुढचे चार आठवडे आम्ही ताज्या काँक्रीटला भोके पाडत होतो. काही भोकांत मुख्य सळया कापल्या गेल्या आणि ती पॅनेल फोडून टाकावी लागली. कारखान्याच्या मागे रचलेला तो ढीग साध्या साइटवरच्या राडारोड्यापेक्षा मोठा होता. त्या दिवसांची मला अजून खंत वाटते. थांबा म्हणायला हवे होते, आणि ते म्हणण्याच्या जागेवर मीच होतो. जागेवरच्या बांधकामात चूक मुकादमाच्या नजरेला पडते आणि त्या खोलीपुरती राहते. प्रीफॅबमध्ये तीच चूक दोनशे वेळा सुबकपणे छापली जाते.

म्हणून तारीख ठरवा. त्या तारखेनंतर भिंतीतले एकही भोक हलणार नाही, आणि ती तारीख साचे बनवण्याच्या आधीची असेल. त्या दिवसापर्यंत पाइप, वायरी, लिफ्ट, पंखे, अग्निशमन, सगळ्यांची माणसे एकाच टेबलाशी बसलेली हवीत. डिझाइनचे शुल्क आणि वेळ पुढे सरकतो, मालकाला ते सुरुवातीला जड वाटते. त्याला आधीच सांगून ठेवा. आणि साच्यांची यादी स्वतः मोजा: किती भाग आणि त्यासाठी किती वेगळे साचे. एका साच्यातून पाच-सहाच भाग निघणार असतील तर त्या साच्याच्या पोलादाचा भार त्या पाच-सहांवरच पडतो. खोलीचे माप कोपऱ्यात दहा सेंटिमीटरने बदलले की नवा साचा आला. तुमच्या दोनशे खोल्या खरोखर एकसारख्या आहेत का, की नुसत्या दिसतात, हे या यादीत उघडे पडते.

कारखाना निवडताना त्याच्याकडे तुमच्याखेरीज कोणते काम आहे तेही विचारा. कारखाना सतत चालला तरच परवडतो. अमेरिकेतली कटेरा ही प्रीफॅब बांधकामाची कंपनी प्रचंड भांडवल घेऊन २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. कारखाना मध्येच बंद पडला तर त्याच्या खास मापाचे उरलेले भाग दुसरीकडे बनत नाहीत. शक्य असेल तिथे जोड आणि मापे अशी निवडा की दुसरा कारखानाही ते काम उचलू शकेल.

शेवटी, करारावर सही करण्याआधी एक नमुना करून घ्या. ब्रॉक कॉमन्सच्या वेळी त्यांनी आधी दोन मजली पूर्ण मापाचा नमुना उभारून सांधे पारखले होते. तुम्हाला एवढे नको: दोन भिंती, त्यांवर दोन पोकळ स्लॅब, एक बाहेरचे पॅनेल आणि एक स्नानगृह पुरे. उभारणी करणारी खरी टोळीच ते जोडू दे. ओळंबा आणि लेव्हल तुम्ही स्वतः लावा, फट किती मिलिमीटरने चुकते ते लिहून ठेवा, बाहेरच्या सांध्यावर पाइपने तासभर पाणी मारा आणि आत हात फिरवून पाहा. मग त्याच टोळीला बाहेरचे पॅनेल आणि स्नानगृह पुन्हा काढायला सांगा. जिथे त्यांना हातोडा उचलावा लागला, ते रेखाचित्र बदलायला परत पाठवा.